मेजावरचा फिंच

ऑर्लकोटच्या घरात वाटणी कागदावर होत नसे, लोकरीने होत असे.

घरातलं मोठं माणूस गेलं की तीन महिन्यांनी एका दुपारी भावंडांनी जमायचं, जन्मापासून ज्याचा जो रंग ठरलेला त्या रंगाची लोकर घ्यायची आणि हव्या त्या वस्तूला गाठ मारायची. एका वस्तूवर एकच गाठ, तर ती वस्तू त्याची. दोन गाठी पडल्या तर त्या दोघांनी चहाला बसायचं आणि किटलीतला चहा निवायच्या आत मिटवायचं. नाही मिटलं तर वस्तू दोघांचीही नाही, ती विकायला बाहेर. नियम पणजोबांचा. त्यांच्या दोन बहिणींनी सूपच्या एका भांड्यासाठी इतकी ओढाताण केली, की शेवटी एकीकडे भांडं गेलं आणि दुसरीकडे झाकण. पुढची तीस वर्षं एकीने गार सूप प्यायलं आणि दुसरीने झाकण भिंतीवर टांगून ठेवलं.

ममा जानेवारीत गेली. आता एप्रिल होता. मे महिन्यात घर शेतकी कॉलेजच्या ताब्यात जायचं होतं, त्यामुळे या खेपेला वाटणी दोनचार कपाटांची नव्हती, सगळ्याचीच होती. भाऊ जर्वेसच्या लाल गाठी जिन्यापासून घोड्यांच्या पागेपर्यंत लोंबत होत्या. हेस्टरने सकाळपासून एकच गाठ मारली होती. मोहरी रंगाची. तिघा भावंडांत ती धाकटी. तिच्या जन्माच्या वेळी पपांच्या मोज्यांतून उरलेली एवढीच लोकर घरात होती, म्हणून तिचा रंग तो ठरला होता. एकोणपन्नास वर्षांत तिने त्याबद्दल तक्रार केली नव्हती. आवडला मात्र कधीच नव्हता.

ती गाठ होती सकाळच्या बैठकीच्या खोलीतल्या लिहायच्या मेजाला.

मेज काही मोठं नव्हतं. खाली तीन खण, वर उतरतं झाकण, ते पुढे ओढून आडवं केलं की त्यावर लिहायचं. झाकण मिटलेलं असलं की त्यावर फुलांची परडी दिसे. ट्यूलिप, गुलाब, गव्हाच्या लोंब्या, कडेला एक गोगलगाय. रंगाचा एक थेंबही नाही, सगळं लाकूड. एकेक पाकळी वेगळी कापलेली, पोस्टकार्डाएवढ्या जाडीची, शेजारच्या पाकळीत अशी बसवलेली की नखही शिरू नये. परडीच्या वर एक फिंच पक्षी होता. म्हणजे एके काळी होता. आता तिथे त्याच्या आकाराचं काळ्या मेणाचं एक बुजवण होतं.

"तू राहायला जाणार त्या फाटकाजवळच्या घराचं दार तरी मोजलंस का, हेट्टी?" रोझलिंडने हेस्टरला विचारलं. जर्वेसची बायको हातात यादी घेऊनच उभी असे. झोपतानाही ती उशीखाली ठेवत असावी, असा हेस्टरला संशय होता.

"मोजलंय. पाय काढले की जातं."

"कुणाचे, तुझे?" जर्वेस म्हणाला आणि स्वतःच हसला.

"हसू नकोस," रोझलिंड म्हणाली. "दोन खोल्यांत हे मेज म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्यात पियानो. ते बघायला खरेदीदार मिस्टर क्वेनेल चारला येतायत. लंडनच्या नामांकित कारागिराचं, घराण्यातल्या लेडी डोरोथियाच्या लग्नात गवतात गुंडाळून बैलगाडीतून आणलेलं, हे मी त्यांना पत्रात कळवलंय."

"माझी गाठ आहे त्याला, रोझलिंड."

"असू दे की. मी कुठे काय म्हणतेय?" रोझलिंडने यादी घडी केली. "बत्तीस वर्षं या घरात काढली, मला कुणी गाठ मारायला लोकर नाही दिली. मी कशाला काही म्हणू?"

हेस्टरने तिच्याकडे पाहिलं. सुनांना लोकर नसे, हाही पणजोबांचाच नियम. त्यात काही वावगं आहे असं या घरात कुणाला कधी वाटलं नव्हतं. हेस्टरलाही ते आत्ता, या क्षणी पहिल्यांदाच वाटलं.

तेवढ्यात मिसेस बेडोझ दारात आल्या. चाळीस वर्षं या घराचं स्वयंपाकघर सांभाळणारी ही बाई धावत कधीच येत नसे. आज तिला धाप लागली होती.

"मिस सिसली आल्यात," त्या म्हणाल्या. मग जरा चाचरत, "पुढच्या दाराने. मीच उघडलं. मला जे काय बोलायचं ते नंतर बोला."

हेस्टरने मेजाची कड धरली.

सिसली तिची बहीण, तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. बावीस वर्षांपूर्वी तिने एका सुताराच्या मुलाशी, आयव्हर प्यूशी, लग्न केलं आणि नदीपलीकडे राहायला गेली. नदीपलीकडे म्हणजे आठ मैल. त्या आठ मैलांना बावीस वर्षं पुरली नव्हती. हेस्टर बाजाराला गुरुवारी जायची, कारण सिसली मंगळवारी जाते हे तिला ठाऊक होतं. ममाच्या अंत्यविधीला सिसली चर्चच्या शेवटच्या बाकावर बसली होती आणि हात मिळवायच्या आधी उठून गेली होती. त्या दिवशी हेस्टरला फक्त तिची पाठ दिसली होती. पाठ जरा वाकली होती.

आता ती समोरून आली. अंगात मातकट कोट, केस पांढरे, चाल मात्र तीच, फरशी तिचं काही देणं लागत असल्यासारखी.

"जर्वेस, पोट सुटलंय तुझं," ती म्हणाली.

"तूही काही काल जन्मलेली दिसत नाहीस," जर्वेस म्हणाला. त्याने नाक शिंकरलं.

"रोझलिंड." मान हलली. मग थोडं थांबून, "हेस्टर."

हेस्टरच्या हातातली मेजाची कड सुटली नाही.

"माझी लोकर कुठाय?"

रोझलिंड म्हणाली, "सिसली, मला वाटतं, ममाच्या इच्छेप्रमाणे..."

"ममा गेली. लोकर पणजोबांची आहे. जन्मल्याबरोबर मिळालेली. ती परत घेता येत नाही, नियम आहे. जर्वेस, आहे की नाही नियम?"

"नियम आहे," जर्वेस म्हणाला. वाद मिटवण्यासाठी तो नेहमी वस्तू शोधायला लागे. तसाच आताही ममाच्या शिवणाच्या टोपलीत हात घालून चाचपू लागला. "पण निळी लोकर या घरात बावीस वर्षं कुठली टिकायला... अरे. आहे की."

निळ्या लोकरीची गुंडी त्याच्या हातात होती. फुलासारखी फुगलेली, एकही धागा तुटलेला नाही. सिसलीने ती घेतली, हुंगली, भुवया उंचावल्या. हातभर लोकर तोडली, सरळ मेजापाशी गेली आणि हेस्टरच्या मोहरी गाठीशेजारी निळी गाठ मारली.

बाकी एकाही वस्तूकडे तिने बघितलं नाही.

रोझलिंडचा चेहरा उजळला. "दोन गाठी! मिसेस बेडोझ, चहा आणा."

*

किटली आली ती लोकरीचं टोपडं घालून, कानापर्यंत झाकलेली.

"हे काय?" रोझलिंड म्हणाली. "नियम चहा निवायचा आहे. टोपडं घातलं तर निवणार कसा?"

"नियमात टोपडं घालू नये असं कुठं म्हटलंय, मॅडम?" मिसेस बेडोझ शांतपणे म्हणाल्या. "या घरात चहा नेहमी टोपड्यातच येतो. पणजोबांच्या वेळीही येत असणार. थंडी तेव्हाही होती."

रोझलिंडने टोपडं काढून खुर्चीवर ठेवलं. ती वळली तसं जर्वेसने ते उचलून परत घातलं, आणि बहिणींकडे न बघता म्हणाला, "चल, आपण पागेत जाऊ. तिथली खोगिरं मोजायची राहिलीत."

"ती सकाळी मोजली."

"मग परत मोजू."

दार लागलं. मेज दक्षिणेच्या खिडकीपाशी होतं. ममानेच ते तिथे ठेवून घेतलं होतं, लिहायला उजेड चांगला म्हणून. त्या उजेडाने इतक्या वर्षांत फुलांचा पांढरेपणा पिऊन टाकला होता. ती सगळी कशी मधाळ पिवळी झाली होती. सिसलीने चहा ओतला नाही. हेस्टरनेही नाही. मधे किटली, आणि दोघी जणू कुणाच्या तरी बाळावर लक्ष ठेवायला बसलेल्या.

"बोल," सिसली म्हणाली. "तुला का हवंय?"

"मी आयुष्यभर इथेच बसले. ममाचे हात आखडल्यापासून घरातलं प्रत्येक पत्र मीच लिहिलं. दुसरीकडे कुठे बसून मला काही लिहिता येईल असं वाटत नाही."

"प्रत्येक पत्र."

"हो." हेस्टरने मांडीवरचे हात एकमेकांत अडकवले. हाच क्षण टाळायला ती बावीस वर्षं गुरुवारी बाजाराला जात होती. "ते पत्रसुद्धा."

"माहीत आहे. चार ओळी होत्या. 'या घराचं दार तुझ्यासाठी उघडं राहू शकत नाही.' ममाच्या हस्ताक्षरात असतं तर मी ते चुलीत टाकलं असतं, हेस्टर. ममा बोलायचीच तसं. पण अक्षर तुझं होतं. 'दार'मधला तो तुझा लांबट काना. तो बघून मी खाली बसले."

"ती सांगत होती, मी लिहीत होते. मी नाही म्हणू शकले नाही."

"शकली असतीस."

हेस्टरने श्वास घेतला. कित्येक वर्षं आरशासमोर पाठ केलेलं उत्तर होतं तिच्यापाशी. ममाची तब्येत, पपांचं दुखणं, घरात दुसरं कोण होतं. ते सगळं तिने गिळलं.

"हो," ती म्हणाली. "शकले असते."

सिसलीने किटलीवर हात ठेवून पाहिला. "गरम आहे अजून. बाईने टोपडं चांगलं विणलंय." ती उठली. "थांब. तुला काहीतरी दाखवायचंय. मिसेस बेडोझ! दाराला कान लावून उभ्या आहातच, तर जरा हात लावा."

दोघींनी मिळून घोंगडीत गुंडाळलेली एक रुंद फळी आत आणली आणि मेजाला टेकवून उभी केली. घोंगडी सरकली.

हेस्टर खुर्चीतून उठून उभी राहिली.

फुलांची परडी. तेच ट्यूलिप, तोच गुलाब, त्याच लोंब्या, गोगलगायही तीच. फक्त मेजावर जिथे गडद जमिनीवर फिकट फुलं होती, तिथे फळीवर फिकट जमिनीवर गडद फुलं. एकच चित्र, एकदा चांदण्यातलं आणि एकदा उन्हातलं. परडीच्या वर फिंच होता. काळसर, मान वळवलेला, जागेवर.

"हे कुठलं?"

"आमच्या स्वयंपाकघरातल्या पिठाच्या पेटीचं झाकण. आज सकाळपासून माझं पीठ उघडं पडलंय यापायी." सिसली घोंगडी झटकत होती. "लग्न होऊन पहिल्यांदा त्या घरात पाऊल टाकलं तेव्हा मी हे बघितलं आणि मला वाटलं, प्यूंनी ऑर्लकोटमधून चोरलं. मी तसं सासऱ्यांना बोलूनही दाखवलं. नवी सून! म्हातारा इतका हसला, की त्याला पाणी द्यावं लागलं."

"मग?"

"मग त्यानेच सांगितलं. दोन रंगांच्या लाकडांचे पातळ पापुद्रे एकावर एक ठेवायचे, वर चित्र चिकटवायचं आणि बारीक करवत एकदाच फिरवायची. खालचं फूल वरच्या भोकात बसतं, वरचं खालच्या. एका कापणीत दोन चित्रं निघतात. चांगलं दिसेल ते मालकाला, उरलेलं कारागिराला. लंडन नाही, बैलगाडी नाही, गवत नाही, हेस्टर. हे मेज आयव्हरच्या घराण्यातल्या जोसाया प्यूने इथे, आपल्या गाडीखान्यात केलंय. मागची जमीन आपल्या बागेतल्या नासपतीच्या लाकडाची. फुलं चर्चच्या आवारातल्या हॉलीच्या पांढऱ्या लाकडाची. पाकळ्यांवरची सावली आहे ना, ती तापल्या वाळूत लाकडाची कड बुडवून आणलेली."

"पण ती गोगलगाय... ममा म्हणायची, ती फ्रेंच दरबारची फॅशन."

"ती प्यूंची खूण. सावकाश काम करतात म्हणून गावाने चिडवलं, तर त्यांनी तीच सही करून टाकली. आयव्हरने मागच्या वर्षी चर्चचं दार दुरुस्त केलं, आतल्या अंगाला बघ एकदा."

हेस्टरने मेजावर हात ठेवला. ममा या मेजापाशी बसून म्हणाली होती, लिही, सुताराच्या घरात गेलेल्या मुलीला. आणि तिने टाक दौतीत बुडवला होता.

"म्हणजे ते पत्र मी," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं. आधी बारीक, मग थांबेचना. "तुला घराबाहेर काढणारं पत्र मी प्यूंच्याच मेजावर बसून लिहिलं!"

"तेच तर! म्हाताऱ्याला पत्र वाचून दाखवलं तेव्हा तोही हेच म्हणाला. म्हणाला, निदान मेज चांगलं होतं."

दोघी हसत होत्या. सिसली हसताना नाक फेंदारायची, अगदी लहानपणासारखी. मग दोघी एकदमच थांबल्या आणि दोघींची नजर एकाच जागी गेली, काळ्या मेणाच्या बुजवणावर.

"तो मी काढला होता," हेस्टर म्हणाली. "ममाच्या कागद कापायच्या सुरीने. मला वाटलं, त्याला तिथे कंटाळा आला असेल. तो सुटला आणि फळ्यांच्या फटीत गेला."

"तुला काय वाटतं, मला माहीत नव्हतं?"

"तू ममाला सांगितलंस, 'मी काढला.' तुला शिक्षा म्हणून आठ दिवस दूध-पाव खाऊन लवकर झोपायला लागलं. मी कुणालाच सांगितलं नाही."

"तू सात वर्षांची होतीस. आणि तुला दूध-पाव सोसत नसे. मला आवडायचा." सिसलीने कोटाच्या खिशातून काडेपेटी काढली आणि मेजावर ठेवली. "उघड."

कापसावर पांढराशुभ्र पक्षी होता. पंखाच्या कडेला तपकिरी सावली. बोटाच्या पेराएवढा.

"लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आयव्हरने केला. पेटीच्या झाकणावरच्या फिंचची बाह्यरेषा घेतली, कापणी एकच, तेव्हा आकार एकच. तुला वाढदिवसाला पाठवायचा होता. मग तुझं पत्र आलं."

हेस्टरला काडेपेटी नीट दिसेना. "मेज तू ने, सिस," ती म्हणाली. "तुमचंच आहे. मी माझी गाठ सोडते." आणि तिने मोहरी गाठीला हात घातला.

सिसलीने तिच्या मनगटावर चापट मारली. "हात काढ! मला काय करायचंय मेज? माझ्याकडे लिहायला स्वयंपाकघरातलं टेबल आहे, त्यावर पीठही मळता येतं."

"मग गाठ का मारलीस?"

"तू माझ्याशी बोलायला बसली असतीस? नुसतं 'ये, बस' म्हटलं असतं तर? तू गुरुवारी बाजाराला जातेस, मला माहीत नाही? या घरात दोन माणसांना एका चहापाशी बसवायचा मला एकच मार्ग माहीत आहे." ती निळ्या गुंडीशी चाळा करत होती. "खरं तर मी भांडायच्या तयारीने आले होते. रस्ताभर आयव्हरला म्हणून दाखवत होते काय काय बोलायचं ते. मग जर्वेसने ही काढली. बावीस वर्षांत लोकर अशी राहत नाही, हेस्टर. कसर लागते, भुगा होतो. हिला लव्हेंडरचा वास येतोय. ताज्या."

हेस्टरचे कान लाल झाले. "लव्हेंडरच्या पुड्या मी दर सप्टेंबरला बदलायचे. बाकीची लोकर तिथेच होती, म्हणून."

"जर्वेसच्या लाल लोकरीला भोकं आहेत."

हेस्टरने काडेपेटी बंद केली. तिने विचारलं, "आयव्हर कुठाय?"

"बाहेर व्हॅनमध्ये. पुढच्या दाराने तो कधी आत आलेला नाही. मागच्या दाराने यायचं नाही असं त्याने लग्नाच्या दिवशी ठरवलं. मग राहिला बाहेरच."

हेस्टर काडेपेटी हातात घेऊन दिवाणखाना ओलांडून गेली. पुढचं दार जड होतं, ती ते नेहमी खांद्याने ढकलायची. आज तिने दोन्ही कवाडं उघडली, ममा फक्त बिशप आले तरच उघडायला लावायची तशी.

"आयव्हर," ती पायऱ्यांवरून म्हणाली. "पक्षी चिकटवायला सरस आणलाय का?"

व्हॅनमधून एक उंच, टक्कल पडलेला माणूस उतरला. हातात स्टोव्ह आणि सरसाचं डबडं होतं. "तासाभरापासून कढत ठेवलाय, मिस हेस्टर," तो म्हणाला. "बोलावणं येईल असं ती म्हणाली होती. मला काही तितकी खात्री नव्हती."

"नुसतं हेस्टर."

त्याने बूट तीनदा पुसले.

*

आयव्हर मेजाशी बसला तेव्हा खोलीत माणसं आहेत हे तो विसरला. नखाने मेण उकरलं, फुंकर मारली, सरसाचा ब्रश फिरवला आणि अंगठ्याने पक्षी दाबला. कुठे आवाज झाला नाही. पक्षी बसला. बेचाळीस वर्षांची रिकामी जागा त्याने अशी घेतली, जणू तो जरा पाणी प्यायला गेला होता.

"फार पांढरा दिसतोय," हेस्टर म्हणाली.

"दिसणारच. बाकीच्यांनी ऊन खाल्लंय. वीसेक वर्षांत मिसळेल."

"वीस वर्षं!"

"तुम्ही कुठे निघालात का?" आयव्हरने विचारलं. मग इकडेतिकडे पाहू लागला. "हा उतार आहे, वजन ठेवलं तर घसरेल. बांधायला हवं. दोरी आहे?"

सिसलीने निळी गुंडी पुढे केली. हेस्टरने टोपलीतून मोहरी गुंडी काढली. आयव्हरने पक्ष्यावर कागद आणि लाकडाचा चपटा तुकडा ठेवला आणि दोघींनी, एक या बाजूने, एक त्या बाजूने, लोकर मेजाभोवती फिरवायला सुरुवात केली. वरून, मागून, खालून, ताणून ताणून, आठ वेढे, दहा वेढे. मेज वाढदिवसाच्या पुडक्यासारखं दिसायला लागलं.

"एका रात्रीत सुकेल," आयव्हर म्हणाला.

सिसलीने त्याच्या बुटावर पाय दिला.

"रविवारपर्यंत," तो म्हणाला. "हवा दमट आहे. रविवारी दुपारी आम्ही येऊन सोडू."

"जेवायलाच या," हेस्टर म्हणाली.

त्याच वेळी रोझलिंड आत आली. मागे जर्वेस, आणि चष्मा पुसत मिस्टर क्वेनेल, जुन्या फर्निचरचे व्यापारी. लोकरीने जखडलेलं मेज पाहून रोझलिंड दारातच थबकली. क्वेनेल मात्र आधी गोगलगायीपाशी वाकले, मग पिठाच्या पेटीच्या झाकणापाशी, मग दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिले.

"लंडनचं नाही हे," ते म्हणाले.

"नाही?" रोझलिंडचा चेहरा पडला.

"लंडनची डझनावारी बघितली मी. इथलंच काम आणि त्याचं उलटं चित्र जवळ उभं, असं जन्मात बघितलं नाही. मॅडम, हे मी आत्ता गाडीत घालून न्यायला तयार आहे."

रोझलिंडने मेजाकडे पाहिलं, मग किटलीकडे. टोपडं उचलून तिने चिनी मातीला बोट लावलं. "गार," ती म्हणाली. "पार गार. आणि दोन्ही गाठी अजून तिथेच आहेत, कुणी सोडलेली नाही. नियम तुमचाच आहे. सोयीपुरता पाळायचा नसतो."

हे खरं होतं. हेस्टरने सिसलीकडे पाहिलं, सिसलीने मेजाकडे. गाठी आता वेढ्यांखाली गेल्या होत्या. त्या सोडायच्या म्हणजे सगळंच सोडायला हवं होतं आणि सरस अजून ओला होता.

जर्वेस पुढे आला. आयुष्यभर तो जिच्याशी शेवटचं बोलणं झालं असेल तिच्या बाजूने असे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याने कप घेतला, किटली उचलली, काळाकुट्ट चहा ओतला. खुर्चीत बसला. कपावर फुंकर मारली. एक घोट घेतला, डोळे मिटले, गिळला.

"आई गं," तो म्हणाला. "जीभ भाजली."

"जर्वेस!"

"तुझी बोटं गार आहेत, रोझ, पागेतून आल्यामुळे. चहा कढत आहे." त्याने परत फुंकर मारली आणि तो विटका चहा तळापर्यंत प्यायला. कुणीतरी त्याला त्याचं अख्खं लहानपण परत आणून दिल्यासारखा. "मिटलंय का तुमचं, पोरींनो?"

"मिटलंय," दोघी म्हणाल्या. "मेज हेट्टीचं," सिसलीने जोडलं, "रविवार सोडून. रविवारी आम्ही त्याच्याकडे बघायला येणार."

क्वेनेलनी चष्मा खिशात ठेवला आणि मिसेस बेडोझना नव्या चहाबद्दल आशेने विचारलं.

रोझलिंड अजून किटलीपाशीच उभी होती, यादी हातात चुरगळलेली. हेस्टर तिच्याजवळ गेली. टोपलीत एक गुंडी उरली होती, कुणाच्याच जन्माची नसलेली, हिरवी. मिसेस बेडोझच्या टोपड्यातून उरलेली.

"उरलेली लोकर आहे," हेस्टर म्हणाली. "माझीही तशीच होती. अगदी वाईट नसते ती. तुला या घरातलं काय हवंय, रोझलिंड? विकायला नाही. तुला."

रोझलिंडने तिच्याकडे संशयाने पाहिलं. मग खिडकीबाहेर, भिंतीपाशी ठेवलेल्या तांब्याच्या झारीकडे. लग्न होऊन आली तेव्हापासून गुलाबांना ती स्वतःच पाणी घालत आली होती. माळ्यालाही त्या झारीला हात लावू देत नसे, याची घरात चेष्टा होई.

"गळते ती," ती म्हणाली.

"आयव्हर," हेस्टर म्हणाली, "रविवारी येशील तेव्हा..."

"आणतो," आयव्हर म्हणाला. "गळती बुजवायला डाग द्यायचं सामान आणतो."

रोझलिंडने हिरवी लोकर घेतली आणि कुणाला चेहरा दिसू नये म्हणून घाईघाईने बाहेर गेली. खिडकीतून ती झारीपाशी वाकलेली दिसत होती. तिला गाठ जमत नव्हती. कधी मारलीच नव्हती. जर्वेस उठला आणि तिच्यामागे गेला.